पिशवीसकट

मी कोकोचं रोप बोलतोय. उंची हातभर, पानं पाच, त्यातलं एक बकरीनं अर्धं खाल्लेलं. ऐकायचं असेल तर जरा वाकून बसा, माझा आवाज फार वर जात नाही. आणि कीव करायला आला असाल तर आधीच सांगतो, ती मला चालत नाही. मला जागा हवी होती. एवढंच मागणं होतं हो, जागा!

माझा जन्म दाम-मारीच्या वरच्या डोंगरातला, हैतीच्या पार पश्चिम टोकाला. एका संस्थेनं तिथं नारळाच्या झावळ्यांखाली रोपवाटिका केली होती. एका जुन्या झाडाचं फळ फोडलं, बिया धुतल्या, आणि कुणीतरी अंगठ्यानं मला काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या मातीत दाबलं. पिशवी चार बोटं रुंद, वीतभर खोल. तळाला पाणी जायला भोकं होती. त्यातून मी बाहेर पडेन असं मात्र एकही नव्हतं.

पहिले दोन-तीन महिने मला काही खुपलं नाही. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी, डोक्यावर सावली, कुणी वावगं बोलायचं नाही. लाडच होते. मला वाटायचं, जग एवढंच असतं. मग एके दिवशी माझं मुख्य मूळ तळाला टेकलं. आमच्या जातीत ते सरळ खाली जायचं एवढंच जाणतं. त्यानं ढकलून पाहिलं, टोचून पाहिलं, आणि शेवटी झक मारत वळलं. त्या दिवशी मला कळलं की मी कोंडलेला आहे.

पावसाच्या तोंडावर आम्हाला वाटायला शाळेच्या अंगणात नेलं. वाटणारे होते व्हिक्सामार साहेब, संस्थेचे शेतकी माणूस. फटफटीवरून यायचे आणि उतरल्यावरही फटफटीवर असल्यासारखे बोलायचे. "वादळानं तुमची झाडं पाडली. पाऊस आता वेळेवर येत नाही, आणि आला की तुमची माती समुद्राला नेऊन घालतो. नुसत्या मक्यावर आणि कोनफळावर विसंबू नका. कोको लावा. त्याला गिरीपुष्पाची सावली, मधे केळी, खाली कोनफळ, बांधावर मधाच्या पेट्या. एक बुडालं तर दुसरं तारेल!" बोलणं सोळा आणे खरं होतं. फक्त ही झाडं लावायची कुणाच्या जमिनीत, ते त्यांनी कुणाला विचारलं नाही.

आम्हा बारा जणांना टोपलीत घालून डोक्यावरून घेऊन गेली ती आदेलिया. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. घरात एकच लेक, मिर्लांद. तिला दिवस गेलेले आणि तिचा नवरा शेजारच्या देशात ऊस तोडायला गेलेला. उतारावरचा जो तुकडा आदेलिया कसायची तो सासऱ्याच्या नावचा. सासरा कधीच गेला, पण जमिनीच्या वाटण्या काही झाल्या नाहीत. शब्द चालायचा थोरल्या दिराचा, मेरिल्यूसचा.

आणि इकडची रीत अशी, की मका लावणारा पाहुणा आणि झाड लावणारा मालक. जमीन कुणाचीही असो, ज्याचं झाड त्याचा हक्क. त्यामुळे ज्याला त्याला मका लावू देतात, झाड लावू देत नाहीत.

आदेलियाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दर पावसात तिचा उतार थोडा थोडा ओढ्यात जात होता. आणखी दोन-तीन पावसाळे असेच गेले तर मुळं धरून ठेवणारं काही नसलेल्या त्या जमिनीत दगडच उरणार होते. मग लेक आणि तिचं लेकरू घेऊन राजधानीला, पोर्तो-प्रिन्सला जायचं आणि लोकांच्या घरची भांडी घासायची. ती रस्ताभर आमच्याशी हेच बोलत होती. टोपलीतल्या टोपलीत मला वाटलं, चला, गरज दोघांची सारखीच आहे.

"मान असो!" दिराच्या कुंपणाबाहेर उभं राहून तिनं इकडच्या रीतीप्रमाणे हाक घातली.

"आदर असो! ये, ये." मेरिल्यूस कोयत्याला धार लावत बसला होता. टोपली बघून म्हणाला, "हे काय जंगल घेऊन निघालीस डोक्यावर?"

"कोको आहे, भाऊजी. बारा रोपं. खालच्या उतारावर लावीन म्हणते."

"कोनफळ लाव."

"लावलंय की. निम्मं वाहून गेलं."

"मग रताळी लाव. घेवडा लाव. मी कधी नाही म्हटलंय का तुला? पण झाड नाही, आदेलिया. आज तू झाड लावशील, उद्या तुझी मिर्लांद म्हणेल जमीन माझ्या आईची. माझी तीन पोरं शहरातून परत आली तर त्यांनी काय तुझ्या झाडाखाली बसून टाळ्या कुटायच्या?"

"येणार आहेत का ती?" आदेलियानं विचारलं.

हे विचारायला नको होतं. नऊ वर्षं त्यांच्यातलं एकही फिरकलं नव्हतं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. म्हातारा उठून उभा राहिला. "माझ्या बापाच्या जमिनीत एकही मूळ जाता कामा नये! सांगून ठेवतो."

तुम्ही म्हणाल, काय दुष्ट माणूस. तसा नव्हता हो. आदेलियाच्या घराचं वादळात उडालेलं छप्पर त्यानंच परत घातलं होतं. पण वाट बघणारा माणूस रिकामी जागा दुसऱ्याला देत नाही, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो.

आम्ही झोपडीमागे भिंतीला लागून पडलो. एक महिना, दोन महिने. माझं मूळ तळाशी एक वेढा घेऊन दुसऱ्याला लागलं होतं. तेवढ्यात निरोप आला, व्हिक्सामार साहेब रोपं बघायला येणार. ज्यांनी लावली नसतील त्यांचं नाव यादीतून बाद, मधाच्या पेट्याही नाहीत.

त्यावर आदेलियानं जे केलं ते इथल्याच बाईला सुचावं. तिनं उतारावर बारा खड्डे खणले आणि आम्हाला पिशवीसकट त्यात बसवलं. वरून माती लोटली. प्लास्टिकचा काठ दिसू नये म्हणून पालापाचोळा पसरला.

मिर्लांद पोटावर हात ठेवून बघत होती. "आई, अगं पिशवी काढायची राहिली."

"राहिली नाही, ठेवलीय. मूळ जमिनीत गेलं नाही, म्हणजे भाऊजींचा शब्द मोडला नाही. रोप खड्ड्यात आहे, म्हणजे साहेबांचं काम झालं."

"पण ती आत श्वास कसा घेणार?"

"आपण घेतोय तसा," आदेलिया म्हणाली आणि कुदळ धुवायला गेली.

साहेब आले. बारा मोजले. "एक नंबर, ताई! अशी पाहिजेत माणसं!" म्हणत त्यांनी बुटानं माझ्याभोवतीची माती दाबली, आदेलियाला शेजारी उभं करून फोटो काढला. "हसा ना जरा!" ती हसली. फटफटी धूर सोडत गेली. हजार वेळा मी म्हटलं असेन, अहो साहेब, वाका! दोन बोटं माती उकरा! पण पानं हिरवी असली की मुळं कोण बघतो?

मेरिल्यूसही एकदा येऊन गेला. आदेलियानं पाला सारून त्याला काळा काठ दाखवला. "लावली नाहीत, भाऊजी. नुसती ठेवलीत. म्हणाल तेव्हा उचलीन." त्यानं हुं केलं. म्हणजे दोघंही आपापल्या जागी खरे राहिले, आणि मी?

मी काय सांगू तुम्हाला ते दिवस! भिंतीमागे होतो तेव्हा जमीन लांब तरी होती. आता ती चहूबाजूंनी होती, फक्त एका पातळ काळ्या कागदाच्या पलीकडे. पाऊस पडला की बाहेरची माती ओल पीत असायची आणि मला तिचा गारवा नुसता लागायचा. गांडूळ यायचं, प्लास्टिकवर घसरून दुसरीकडे जायचं. शेजारच्या रताळ्याची मुळं माझ्या पिशवीला वळसा घालून पुढे निघून जायची. माझी मुळं आत एकमेकांच्या अंगावर चढली, एकमेकांचंच पाणी पिऊ लागली. वेढ्यावर वेढे. तिसरा झाला, चौथा झाला, पुढे मोजायचं सोडलं.

नाताळनंतर पाऊस थांबला. खरी जमीन खोलवर ओल धरून असते, पिशवीतली माती दोन दिवसांत भाजून निघते. आधी कडेचे चार गेले, मग एकदम पाच. एकाला बकरीनं संपवलं आणि जाता जाता माझ्या पानाचा घास घेतला. अकरावा माझ्या शेजारचा होता. तो रोज थोडा थोडा तपकिरी होत गेला आणि मला बघत राहण्याखेरीज काही करता आलं नाही.

आदेलिया भांडी विसळलेलं पाणी आणून मला घालायची. "तू तरी राहा रे बाबा," म्हणायची. एका सकाळी तिनं माती उकरून पिशवीचा काठ चिमटीत धरला. फाड, बाई, फाड! तिनं वर दिराच्या घराकडे पाहिलं आणि काठ सोडून दिला. त्या दिवशी मला तिचा राग आला. फार राग आला. घातलेलं पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

फेब्रुवारीत मिर्लांद बाळंत झाली. मुलगी. आठव्या दिवशी नाळेचा वाळका तुकडा गळून पडला. इथं तो तुकडा आपल्या जमिनीत झाडाखाली पुरतात आणि ते झाड त्या लेकराचं होतं. माणूस पुढे कुठंही जावो, नाळ पुरली ते त्याचं गाव. पुरायचा मान घरातल्या थोरल्याचा. आदेलियानं तो तुकडा फडक्यात बांधला आणि मेरिल्यूसला उतारावर बोलावून आणलं.

"कुठं पुरायची, भाऊजी? तुम्ही सांगाल तिथं."

"नीरफणसाखाली. आपल्या सगळ्यांची तिथंच आहे."

"तो वादळात पडला. तुम्हीच त्याचा कोळसा केलात."

म्हाताऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं. बापाच्या सबंध जमिनीवर त्याला एक झाड सापडेना.

"मग कोनफळाच्या वेलाखाली पूर," तो पुटपुटला.

"नातीची नाळ कोनफळाखाली? आणि सहा महिन्यांनी खणून कोनफळ उकडून खायचं?" आदेलियाचा आवाज चढला. "नाहीतर मी ही शहरात नेते. लोकांच्या परसात पुरते. मग तुमच्या वडिलांची पणती कुठली म्हणून विचारलं, तर सांगीन, कुठलीच नाही!"

मेरिल्यूसनं नीरफणस होता त्या जागेकडे पाहिलं. आपल्या तिन्ही पोरांच्या नाळा त्यानंच नीरफणसाखाली पुरल्या होत्या, तेच आठवत असेल. मग त्यानं विचारलं, "त्या बारांतलं एखादं जिवंत आहे का?"

"एकच."

तो माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. कुदळीनं माती काढली, मला पिशवीसकट उचललं आणि कोयत्याच्या टोकानं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत उभं फाडलं. पहिल्यांदा वारा माझ्या मुळांना लागला. माझ्या तळाशी मुळांची चुंबळ झाली होती, ती बघून म्हातारा म्हणाला, "अरे देवा. काय केलं आपण हे."

त्याच्या हाताला कोको ठाऊक होता. वेढे तसेच ठेवले तर झाड तीन-चार वर्षांनी उभ्या उभ्या वाळतं. त्यानं कोयता टेकवला आणि ती चुंबळ छाटली. दुखलं? हो, दुखलं! माझं निम्मं आयुष्य त्या वेढ्यांत गेलं होतं. मग खड्ड्यात आधी फडक्यातली नाळ आणि तिच्यावर मी. मातीवर तळवा ठेवून तो मोठ्यानं बोलला, वरच्या घरांना ऐकू जाईल असं. "बाबा, ही तुमची पणती. हे तिचं झाड. जिथवर ह्याची सावली पडेल तिथवर हिचं."

आदेलिया डोळे पुसत होती, पण बाई मोठी पक्की. "भाऊजी, सावली तर वाढत जाते."

"माहीत आहे मला," म्हातारा म्हणाला आणि गुडघे झाडत उठला.

आता मी जमिनीत आहे. पण मोकळा झालो म्हणू नका. छाटलेलं मुख्य मूळ पुन्हा धरेल का, मला सांगता येत नाही. पूर्वी मला निदान मरायची तरी मुभा होती, आता तीही नाही. मी वाळलो तर पोरीचा हक्क वाळतो, आणि ह्या मायलेकी लेकरू उचलून शहराची वाट धरतात. म्हणून तुम्हाला एकच विनवणी. झाडं वाटा, खुशाल वाटा, पण आधी विचारा की लावणाऱ्याच्या पायाखालची जमीन कुणाची आहे. आणि वाटून झाल्यावर परत आलात, तर वाका.

मेरिल्यूसनं माझ्या पश्चिमेला, उतरत्या उन्हाला आडोसा म्हणून, केळीचा एक मुनवा लावलाय, मला न विचारता. मला दोन नवी पानं फुटली आहेत, तांबूस, लोंबती. सकाळी माझी सावली जमिनीवर टीचभर पडते. आदेलिया पोरीला आणून बरोबर त्या सावलीत ठेवते. डोकं तेवढं मावतं, पाय अजून उन्हात राहतात.