बारा तास यायला, बारा तास जायला

मी एक पाव आहे, विमानाच्या आकाराचा. बोलिव्हियातल्या एल आल्तो शहरात, तोमासा मावशीच्या भट्टीत परवा भाजला गेलो.

मृतांच्या सणाला इथे घरोघरी पावाचे घोडे आणि शिड्या भाजतात. घोडा गेलेल्या माणसाचं सामान वाहतो, शिडीवरून तो खाली उतरतो. या घरच्या धाकट्या पोराने, ओविदियोने मात्र शिडीसाठी मळलेला गोळा ओढून घेतला आणि मला दोन पंख काढले.

"हा काय, मासा?" मावशीने विचारलं.

"विमान आहे."

"शेपटी तर झाडूसारखी. हे उडालं तर मी बिशप!"

कोणी हसलं नाही. मावशीही नाही.

ओविदियोचा थोरला भाऊ लिंबेर्त माद्रिदला गवंडीकाम करायचा. मार्चमध्ये परांचीवरून पडला. त्याला तिकडेच पुरलं.

मला त्याच्या फोटोपुढे मांडलं. शेजारी ऊस, उकडलेले बटाटे, शेंगदाण्याचं सूप. गेलेल्यांना घरी येऊन जायला एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतच सुट्टी असते. दुपारची घंटा झाली तसा ओविदियो एकदम उठला.

"आई, माद्रिद नऊ हजार किलोमीटर. दादा म्हणाला होता, नुसतं हवेतच बारा तास जातात. बारा यायला, बारा जायला. मग तो जेवायला बसणार कधी?"

"मेलेल्याला विमान लागत नाही रे," मावशी म्हणाली.

"आजोबांना नसेल लागत! ते कोपऱ्यावरच्या स्मशानातून येतात. दादाला समुद्र ओलांडायचाय."

सूप गार झालं की आई उठून गरम करायची, पुन्हा ठेवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल आवरायची वेळ झाली. प्रार्थना म्हणायला शेजारी आले. जो प्रार्थना म्हणतो त्याला हे सगळं वाटतात, आणि तो खातो ते मेलेल्याला पोचतं. घरच्यांनी मात्र त्यातलं खायचं नसतं.

ओविदियोने मला उचलून छातीशी धरलं. "आला नाही अजून. थांबा ना! विमानाला उशीर होतो की."

कोणीच त्याच्याकडे बघेना. त्याच्या बोटांखाली माझ्या कडेचा चुरा होत होता. मला काही वाटलं नाही. त्या खोलीत कोणालाच काही वाटत असेल असं दिसत नव्हतं.

आईने मला त्याच्याकडून घेतलं आणि माझा एक पंख मोडला.

"म्हण प्रार्थना. आणि तूच खा."

"घरच्यांनी खायचं नसतं गं," मावशी पुटपुटली.

"माहीत आहे," आई म्हणाली. "लिंबेर्तला भूक लागली असेल."

ओविदियोला प्रार्थना अर्धीच येते. तेवढीच त्याने दोनदा म्हटली.

आता मी त्याच्या दातांखाली आहे. इथून लिंबेर्तपर्यंत किती अंतर, मला ठाऊक नाही. तिथे पोचलो तर सांगायला परत येणार नाही. जाता जाता एकच मागणं आहे, ओविदियो. नीट चाव. आधी गिळ, मग रड.