हळदीतला भोंगा

"चाचा, ओरिजनल लावा. उगं कुणाचंबी लावू नका," तानाजीनं खालून फर्मावलं.

फकीरभाई मांडवाच्या बल्लीवर चढून कर्णा आवळत होते. दातांत सुतळी धरलेली असल्यामुळे त्यांना उत्तर देता येईना, आणि ही त्यांना मोठी सोय वाटली. माजलगाव तालुक्यात उभा जन्म लाउडस्पीकरच्या धंद्यात काढून ते एक गोष्ट शिकले होते. लग्नघरात ज्याच्या तोंडात सुतळी आहे, तो सुखी.

"ओरिजनल म्हंजी कुणाचं रं?" तानाजीची थोरली बहीण जानकीबाई हातातली परात खाली ठेवून पुढं आली. "आपल्या जिल्ह्याची पोर टीव्हीवर गाती, आन ह्याला मुंबईची बाई पायजे. चाचा, पाटोद्याच्या मेहेकचं लावा. लई ग्वाड गायलीय."

"ती नक्कल हाय, आक्का. मोठ्या बाईनं पिच्चरमदी गायलं ते अस्सल. ही पोर तेच गायली, आन मधीच हूं हूं करती. दाढ दुखल्यावानी."

"दाढ दुखती व्हय? परीक्षक रडले की त्या हूंला."

"ते पगारी रडत्यात."

भांडण हळदीच्या गाण्याचं होतं. हळद थोरल्या भावाच्या, रामकिसनच्या मुलीची. रामकिसन नवरीचा बाप असल्यामुळे दोन्ही बाजूंना नव्हता. आचारी अजून आलेला नव्हता, आणि त्या चिंतेपुढं त्याला सगळी गाणी सारखीच होती. या तिघांची आई, म्हणजे नवरीची आजी छबुबाई, बाजेवर बसून सुपात हळकुंडं निवडत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आणि गाणं तर त्यांचंच होतं.

ही गोष्ट मांडवात दोघांनाच ठाऊक होती. एक छबुबाई, दुसरे बल्लीवरचे फकीरभाई.

'हळद वाटली पाट्यावर, सिंदफणेच्या काठावर' हे पहिलं कडवं कुण्या आजी-पणजीचं. दुसरं कडवं छबुबाईंनी स्वतः रचलेलं. ते त्यांनी पोरांना कधी सांगितलं नाही. आईचं गाणं पोरांना आईच्या भाकरीसारखं असतं. ती कुणी शोधून काढली असेल, असं कुणाच्या मनात येत नाही.

तीसेक वर्षांपूर्वी साखर कारखान्याच्या वसाहतीत एका घरी हळद होती. फकीरभाई तेव्हा नुसते फकीर होते, आणि त्यांच्या मामूनं हैदराबादहून आणलेला टेपरेकॉर्डर खांद्यावर घेऊन मिरवत होते. त्यांनी तो छबुबाईंसमोर ठेवला. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं. "लेक निघाली वाटंवर" म्हणून छबुबाईंनी श्वास घेतला, आणि नेमका तेव्हा कारखान्याचा भोंगा झाला. लांबलचक. भोंगा द्यायचं काम बॉयलरवरच्या हरिबांकडं होतं, आणि हरिबा हे छबुबाईंचे यजमान. कामात कसूर करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. घरात बायकोपुढं ज्यांचा आवाज कधी निघाला नाही, त्यांनी कारखान्यातून सगळी कसर भरून काढली. छबुबाई थांबल्या. भोंगा विरल्यावर त्यांनी ओळ पुरी केली, "फिरून बघंना घराकडं."

"पुन्यांदा घे," त्या म्हणाल्या.

"कॅसेट सपली, वैनी. दुसऱ्या बाजूनं कव्वाली हाय. ती पुसली तर अब्बा मला घरात घेनार न्हाईत."

"नवऱ्यानं गान्यात खो घातला, आन तू त्यो टिपून ठिवला. चांगलं झालं."

हा राग त्यांनी पुढं जपून वापरला. फकीरभाई घरी आले की चहाबरोबर थोडा मिळायचा.

पण ती कॅसेट चालली. फकीरभाईंच्या कर्ण्यातून ती हळदी-हळदीला वाजू लागली. कॅसेटवरून कॅसेट निघाली, तिच्यावरून आणखी एक. नकलेगणिक भोंग्याची धार बोथट होत गेली, आणि शेवटी त्याचा नुसता एक लांब हुंकार उरला. पोरीबाळींनी गाणं कॅसेटवरून उचललं, ते हुंकारासकट उचललं. 'वाटंवर' म्हटलं की सगळ्या जणी तोंड मिटून 'हूंऽऽ' करू लागल्या. त्या वेळात हात रिकामे राहतात म्हणून करवलीनं नवरीच्या पाठीवर हळदीचा पंजा उमटवायची चाल पडली. ही चाल फार पुरातन आहे असं बायका एकमेकींना सांगत. एकीनं तर रामायणात दाखला असल्याचं सांगितलं. भोंगा ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, आणि रामायणापुढं कारखान्याचा पाड लागला नाही.

मग सिनेमावाले आले. मोठ्या गायिकेनं ते गाणं गायलं. मागं व्हायोलिनं, आवाज रेशमासारखा, आणि मधे कुठंही खंड नाही. पडद्यावरच्या नावांच्या यादीत गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असं होतं. पारंपरिक म्हणजे ज्याचा पत्ता शोधायला सवड झाली नाही असा कवी.

छबुबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट मोठ्या बाईंचा आवाज त्यांना मनापासून आवडला. "गावं तर आसं," त्या म्हणाल्या. "सरळ. मधी भोंगा न्हाई का काय न्हाई." घाव बसला तो पुढं, सिरसाळ्याच्या एका लग्नात. छबुबाई हळदीला गात होत्या, 'वाटंवर'ला थांबल्या, आणि नवरीची मैत्रीण हातातला मोबाइल दाखवत गोड आवाजात म्हणाली, "आजी, तुमी चुकलात. ह्या गान्यात असं थांबत नसत्यात." छबुबाईंनी पदर सावरला, उठल्या, आणि बस धरून घरी आल्या. त्यानंतर त्या कुठल्याच हळदीला गायल्या नाहीत. टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम लागला तरी उठून अंगणात जायच्या.

म्हणून मेहेकचं गाणं आख्ख्या जिल्ह्यानं ऐकलं, पण छबुबाईंनी ऐकलं नव्हतं. मेहेक पाटोद्याच्या फळगाडीवाल्याची पोर. स्पर्धेत ती हेच गाणं गायली आणि 'वाटंवर'ला थांबून तिनं तोंड मिटून हुंकार घेतला. परीक्षक खुर्चीवरून उठले. एकानं त्याला 'या मातीचा आदिम हुंकार' म्हटलं. हे ऐकताना फकीरभाईंच्या बशीतला चहा त्यांच्याच सदऱ्यावर सांडला. माती कुठली, बॉयलरची वाफ होती ती. त्या आठवड्यात मेहेक स्पर्धेतून बाहेर पडली. डोळ्यांतून पाणी आलं, पण मतं आली नाहीत. जिल्ह्यात मात्र तेव्हापासून हॉटेलाहॉटेलात दोन तट पडले. मोठ्या बाई मोठ्या की मेहेक मोठी. चहा गार व्हायचा, वाद गार होत नव्हता.

फकीरभाई बल्लीवरून उतरले. तोंडातली सुतळी काढली.

"आधी पोरीचं लावतो, मग मोठ्या बाईचं," ते म्हणाले. "न्याव झाला का न्हाई?"

"आन मला इचारा की," बाजेवरून छबुबाई म्हणाल्या. "मोठ्या बाईचंच लाव. आज घरची हळद हाय. लोकायला भोंगा कशापाई ऐकवायचा?"

"कंचा भोंगा, आई?" जानकीबाईनं विचारलं.

"काय न्हाई. हळद निवड."

फकीरभाईंनी मुद्दामच ऐकलं नाही. वैनींनी पोरीचा हुंकार एकदा ऐकावा, हीच तर त्यांची इच्छा होती, आणि ती आजची नव्हती. छबुवैनींच्या नातीची हळद, आणि छबुवैनी गात नाहीत, हे काही त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यांनी मशीनला मोबाइल जोडला. कर्ण्यातून मेहेकचा आवाज आला. कोवळा, किंचित खरखरीत, हनुवटी वर करून गाणाऱ्या पोरीचा.

"लेक निघाली वाटंवर..."

मग तो हुंकार. छबुबाईंच्या बोटांतलं हळकुंड बोटांतच राहिलं.

गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या आणि परीक्षकाचा आवाज आला. तानाजी म्हणाला, "बंद करा आता," पण फकीरभाईंना तेवढ्यापुरतं कमी ऐकू आलं. परीक्षक विचारत होता, मूळ गाण्यात नसलेली ही जागा तू कुठून आणलीस?

"माझ्या दादीकडनं," मेहेक सांगत होती. "फरीदा नाव होतं तिचं. ती लग्नाघरी बांगड्या भरायला जायची. माजलगावकडं एक बाई हे गाणं म्हनायची, तिचं ऐकून दादीनं घेतलं. दादी म्हनायची, मोठ्या बाई लई छान गात्यात, पन त्या थांबत न्हाईत. लेक वाटंला लागल्यावर कुनीतरी जरा थांबाया पायजे का नको?"

लांब कुठंतरी आचाऱ्याची भांडी टेम्पोतून उतरल्याचा आवाज आला, आणि रामकिसन तिकडं पळाला.

"फरीदा," छबुबाई म्हणाल्या. "डाव्या हातानं बांगड्या भरायची ती. एक बांगडी पिचू द्यायची न्हाई." मग हातातलं हळकुंड सुपात ठेवून, "परत लाव."

फकीरभाईंनी परत लावलं. या खेपेला छबुबाईंनी मान खाली घालून ऐकलं, भाताला कढ आला का ते बाई ऐकते तसं.

"माजलगावकडची बाई म्हंजी कोन आसंल?" जानकीबाई म्हणाली.

"आसंल कुनी," छबुबाई म्हणाल्या.

"कुनी का आसंना," तानाजी म्हणाला. "आता ओरिजनल लावा, चाचा. नवरी पाटावर बसली."

नवरी खरंच पाटावर बसली होती. सुवासिनी भोवती जमल्या, हळदीची वाटी आली. फकीरभाई मशीनवर वाकले, काहीतरी केलं, आणि सरळ उभे राहिले. मशीनचा लाल दिवा विझला.

"गरम झाली," ते गंभीरपणे म्हणाले. "थंड व्हायला टाइम लागन."

"आताच?"

"मशीन हाय बाबा. तिला काय मुहूर्त कळतो?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. वाटीतली हळद सुकायला लागली. गाण्याशिवाय पहिलं बोट कुणी लावायचं? जानकीबाईनं सुरुवात करून पाहिली, पण तिचा सूर असा काही लागला की तिनंच तो सोडून दिला. छबुबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि फकीरभाईंकडं पाहिलं.

"फकीर, मूठ उघड."

"मुठीत सुतळी हाय, वैनी."

"सुतळीला तांब्याचे पाय आसत्यात व्हय? कॅसेट सपली म्हनला व्हतास तवाबी आसंच तोंड केलं व्हतंस."

फकीरभाईंनी मूठ आणखी घट्ट केली. मशीनची पिन त्यांच्या तळव्यात रुतत होती, पण चेहरा त्यांनी मशिदीतल्या फरशीसारखा साफ ठेवला.

छबुबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत नवरीच्या पाटापाशी आल्या, आणि तानाजीकडं वळल्या.

"तुला कसं पायजे, बाबा? ओरिजनल?"

"व्हय. ओरिजनलच."

"बरं," छबुबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

आवाज पूर्वीचा नव्हता. वरच्या सुराला तो चिरकला, आणि पहिल्या ओळीत दोनदा खाकरावं लागलं. मोठ्या बाईंच्या रेशमाशी त्याचं काही नातं नव्हतं. मेहेकचा कोवळेपणाही त्यात नव्हता. पण 'सिंदफणेच्या काठावर' म्हणताना तो असा काही वळला की तो काठ पाहिलेल्या माणसाचा आवाज आहे, हे सांगायला परीक्षक लागला नसता. जानकीबाईचा हात वाटीतच राहिला. ही वळणं मेहेकच्या गळ्यात तिनं ऐकली होती. ती आईकडं बघू लागली, मग तानाजीकडं. तानाजी मोबाइल खिशात ठेवत होता.

"लेक निघाली वाटंवर..."

छबुबाई थांबल्या. बायकांनी तोंडं मिटली, आणि मांडवभर 'हूंऽऽ' घुमला. जानकीबाईनं नवरीच्या पाठीवर हळदीचा पंजा टेकवला.

मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर हरिबा पेंगत होते. त्यांना आताशा जेवणाची हाकही दोनदा द्यावी लागे. कारखान्यात हजेरीचं यंत्र आलं तेव्हाच भोंगा बंद पडला होता, आणि त्यालाही बरीच वर्षं झाली होती. हुंकार चढला तसे हरिबा जागे झाले. कुणाकडंही न बघता त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, आणि पायांनी खुर्चीखाली चपला शोधू लागले. पाळीला उशीर होऊन चालणार नव्हता.

एक चप्पल सापडली. दुसरी सापडेना.

बायकांचा दम सरत आला. एकदोघींनी छबुबाईंकडं पाहिलं, आता ओळ घ्या म्हणून. छबुबाईंनी हात वर करून त्यांना थोपवलं. त्या हरिबांच्या पायांकडं बघत होत्या. फकीरभाई चार पावलं गेले, खुर्चीमागं गेलेली चप्पल पायानं पुढं सरकवली, आणि हरिबांचा अंगठा तिच्यात नीट बसल्यावर मागं झाले.

मग छबुबाईंनी ओळ पुरी केली.