पंखेवालीच्या टाकीवरचा दोरा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही बोटभर लांबीची कोळंबी आहात. तुमच्या पुढच्या हातांना नांग्या नाहीत, इवले इवले पंखे आहेत. वाहत्या पाण्यासमोर बसायचं, पंखे उघडायचे, त्यांत अडकलेले कण तोंडात घालायचे. झालं जेवण!

अशी एक कोळंबी चिमीच्या घरी काचेच्या टाकीत राहायची. चिमी तिला पंखेवाली म्हणायची. आत्या मात्र म्हणायची, "पाण्यातलं झुरळ!" आत्या कपडे शिवायची आणि तिचं मशीन टाकीला अगदी खेटून होतं.

हल्ली पंखेवालीचं काहीतरी बिनसलं होतं. टाकीतलं पाणी स्वच्छ करणाऱ्या गाळणीच्या वाहत्या नळीसमोरची जागा सोडून ती तळाची वाळू खरवडत फिरायची. त्यात शाळेतून यावं तर पाणी गढूळ! एकदा काठावर हिरवट भुकटीही दिसली.

"आत्या, टाकीला कुणी हात लावला?"

"मला काय तेवढाच उद्योग आहे?" आत्याने मान वरसुद्धा केली नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं. चिमीने गाळणीचा स्पंज खसाखसा धुतला, पाणी बदललं. रोजच तसं करू लागली. पण पंखेवाली आणखीच मलूल झाली. आता ती मरणार, या धास्तीने चिमीला अभ्यास सुचेना. शेवटी तिने आत्याच्याच रिळाचा दोरा झाकणाच्या फटीवर आडवा चिकटवला. शाळेतून आली, तर दोरा तुटलेला!

सुट्टीच्या दिवशी स्पंज धुवायला जाते असं सांगून ती तो हातात घेऊनच पडद्याआड दबा धरून बसली. आत्याने इकडेतिकडे पाहिलं, खलात काहीतरी कुटलं, पाण्यात कालवलं आणि चमच्याने नळीपाशी सोडलं.

"पकडलं! विष घालतेस ना तिला?"

"अगं, दचकवतेस काय! विष घालायचं तर एकदाच घातलं असतं. रोज कुटत कशाला बसले असते? माशांचंच खाणं आहे ते."

"मग चोरून का?"

"टाकीला हात लावायचा नाही, असं तूच बजावलंस ना? पण दिवसभर माझ्यासमोर ती बिचारी पंखे उघडते आणि रिकामे हात तोंडाला लावते. माझ्या घशाखाली घास उतरेना. तू पाणी इतकं लख्ख ठेवतेस, की तिच्या ताटात काही उरतच नाही. आता तर खाली पडलेलं वेचत फिरते."

"म्हणजे मीच..." चिमीने हातातल्या स्पंजकडे पाहिलं.

"रडतेस कशाला? बघ तिकडे."

पंखेवाली हळूहळू दगडावर चढली, नळीसमोर बसली. एक पंखा उघडला. मग दुसरा. हात तोंडाशी जाऊ लागले, एकामागून एक, घाईघाईने.

चिमीने स्पंज खाली ठेवला. झाकणावरचा तुटका दोरा उचकटून काढला. मग आत्याशेजारी मांडी घातली, खल पुढ्यात ओढला आणि विचारलं, "अजून बारीक करू?"