पेटीचा कान

आमच्या ह्यांनी भवानी पेठेतल्या हाटेलात रेडिओ आणला आणि गिऱ्हाईक भज्यांपेक्षा त्याच्यावरच तुटून पडलं. मुंबई, दिल्ली, मद्रास, सगळी सरकारचीच ठेसनं. मला तवाच वास आला. सरकार उगं गाणी ऐकवतंय व्हय? ज्यानं तोंड पाठवलं, त्यानं कान पाठवला नसंल कशावरनं?

मी पाळत ठेवली. पेटी बोलती तवा तिला दुसऱ्याचं ऐकू येत नसणार, हे कुणालाबी कळंल. पर मुंबई सोडून दिल्ली लावताना मधी नुसती खरखर होती की, तवा ती ऐकती. आणि नेमकं तवाच गिऱ्हाईक गिरणीतल्या संपाचं बोलायचं! मी झारा आपटून त्यास्नी गप करायची.

हे हसायचे. "अगं, ती नुसती बोलती. तिला ऐकू येत न्हाय."

"तुमाला लई ठावं!"

रेडिओ यायच्या लई आधी, गोऱ्या सरकारनं गावात लष्कर घातलं त्या मार्शल लॉच्या साली, माझ्या भावाला, येडूला, शिपायांनी दारातनं धरून नेलं. त्यो परत आलाच न्हाय. मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, पर कुणी धड ऐकून घेतलं न्हाय.

काल दुपारी हाटेलात कुणी नव्हतं. मी काटा मुंबई-दिल्लीच्या मधी आणला. खरखर सुरू झाली. पदर खोचला, पेटीजवळ तोंड नेलं आणि इचारलं, "ऐकतायसा न्हवं? मग सांगा, माझा येडू कुटं हाय?"

पेटी खरखरत राहिली. कचेरीतल्यांवानी "चल, नीघ" तेवढं म्हणाली न्हाय.