चोरबटण

शेठ मुंबईचे, त्यांचा बंगला खालापूरजवळ आमच्या गावात, आणि बंगल्याचा राखणदार मी, धाऊ. त्र्याऐंशीच्या दसऱ्याला शेठ नवी गाडी घेऊन आले. तिच्यात चोर पकडायचं यंत्र होतं. स्टेअरिंगजवळचा लाल दिवा लुकलुकला की यंत्र जागं. मग गाडीला नुसता धक्का लागला तरी भोंगा बोंबलायचा आणि मिनिटभरानं आपोआप गप्प व्हायचा. चोरबटण दाबल्याशिवाय इंजिनही चालू होत नसे. हे सगळं शेठनी मला कौतुकानं समजावलं. चोरबटण कुठे, असं विचारलं तर नुसते हसले. सात वर्षं बंगल्याच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या! राग आला, पण गिळला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेठ देवीच्या दर्शनाला डोंगर चढून गेले. तेवढ्यात शेजारचा चांगो माझ्या बायकोला पाठुंगळी घेऊन धावत आला.

"धाऊ, ठमीला घोणस चावली रं! भात कापताना!"

पाय डोळ्यांदेखत सुजत होता. खोपोलीचा दवाखाना बैलगाडीनं दोन तासांवर, एसटी दुपारी. दारात गाडी उभी, आणि तिचा मालक डोंगरावर.

शेठना भोंगाच खाली आणू शकत होता. काचेतून पाहिलं, तर पूजेचा झेंडूचा हार नेमका दिव्यावर पडलेला. यंत्र जागं की झोपलेलं, काही कळेना. मी देवीचं नाव घेतलं आणि गाडीला धक्का मारला.

भोंगा फुटला. थांबला की मी पुन्हा धक्का मारायचो. आदल्या दिवशी म्हशीनं गाडीला अंग घासलं तेव्हा शेठ दोनदा फुकट धावले होते. आता येतील? ठमीचे डोळे मिटायला लागले. माझा जीव टांगणीला लागला.

अखेर शेठ पायवाटेवर दिसले, हातात धोंडा.

"धाऊ? तू?"

मी ठमीकडे बोट केलं. धोंडा खाली पडला.

तिला मागे निजवलं, मी शेठच्या शेजारी बसलो. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा फिरवली. भोंगा चालूच.

"शेठ, बटन! बटन दाबा! ती मरंल वो!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यादेखत सीटखाली हात घातला. भोंगा गप्प झाला, गाडी सुरू झाली.

ठमी वाचली. पाय जरा ओढते, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. पुढे शेठनी गाडीचे टायर बदलले, रंगही बदलला. चोरबटणाची जागा मात्र त्यांनी कधी बदलली नाही.