पांढऱ्या कावळ्याचं गणगोत

कासू गावाजवळच्या खारपट्टीत जनूचं जिताडे माशांचं तळं होतं. तळ्याच्या बांधावर गेले काही दिवस एक पांढरा कावळा येऊन बसायचा. दुधासारखा नव्हे, ताकासारखा मळकट पांढरा; डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच रंग.

"डोमकावळा हाय," जनू बायकोला ठासून सांगायचा. "गावकावळ्याची मान राखाडी असते गो. ह्याची कुठं हाय?"

बायजाबाई हसायची. "सगळाच इटलाय तो, मान तेवढी राहील व्हय? रंग उडाल्यावर रंगाला काय इचारायचं? चोच बघा."

पण पाखरू धूर्त. दोघांपैकी कुणी बांधावर पाऊल टाकलं की उडालंच. चोच नीट दिसेना आणि जनू काही हटेना.

एका सकाळी बगळ्यांसाठी लावलेल्या जाळ्यात तेच अडकलं. पाय गुरफटून उलटं लोंबत होतं, पंख पाण्यावर आपटत होतं. जनू कमरेभर पाण्यात शिरला. त्यानं हात लावताच ते ओरडलं आणि तिवरांतून कावळ्यांची फौजच उठली. सगळे राखाडी मानेचे. दोघा-तिघांनी जनूच्या टकलावर चोची मारल्या.

"अगो, धाव! फोडलं मला!"

बायजाबाई हातातलं सूप तसंच घेऊन पाण्यात उतरली. एका हातानं तिनं नवऱ्याच्या डोक्यावर सूप धरलं, दुसऱ्या हातानं कमरेला खोचलेला विळा काढून जाळं कापलं. जनूच्या मुठीत ते पाखरू धडधडत होतं. इतक्या जवळून त्यानं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. चोच बारीक, डोमकावळ्याची असते तशी जाड, पुढं वाकलेली नव्हे. ओरडणंही घोगरं नाही, साधं काव काव.

त्यानं मूठ उघडली. पांढरा कावळा भेलकांडत उडाला आणि तिवराच्या फांदीवर आपल्या माणसांत जाऊन बसला. शेजारचा एक सरकत सरकत जवळ आला नि त्याची विस्कटलेली मान चोचीनं सारखी करू लागला. कालवा निवला.

"गावकावळाच गो," घरी आल्यावर जनू म्हणाला.

"कवाधरनं सांगते मी."

"तुझं बोलणं गुळमुळीत. त्यांनी कसं डोक्यात घातलं बघ!"

बायजाबाईला इतकं हसू आलं, की जखमेवर हळद दाबताना तिचा हात हलला आणि जनूचं अर्धं कपाळ पिवळं झालं. दिवसभर त्यानं ते पुसलं नाही. विचारील त्याला हौसेनं सगळी हकिगत सांगत राहिला.