देवहंसाचं उत्तर

देवहंसाला आपण हाक घालायची, त्याने उत्तर द्यायचं. त्याने आधी हाक घातली, तर मात्र आपण तोंड उघडायचं नाही. दिहिंग नदीच्या काठी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते भबेनदादाने शिकवलं, ओंजळ तोंडाशी धरून देवहंसाचा, म्हणजे त्या रानबदकाचा, आवाज काढण्यासकट. तीन हिवाळ्यांपूर्वी तो देवहंस मोजायला दलदलीत गेला, तो गेलाच.

त्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. रोज पहाटे मी डोहाशी हाक घालायचो, पलीकडून एकच उत्तर यायचं, आणि वनखात्याच्या साहेबांना सांगायचो, एक आहे. जोनाली वहिनी मात्र दादाचं श्राद्ध करू देईना.

"उत्तर येतंय ना, लखिन? मग कसलं श्राद्ध घालतोस?"

"अगं, ते बदक आहे. दादा इतका गोड कधी बोलला होता?"

ती हसायची. पण रोज माझ्याआधी उठून कान देऊन बसायची.

परवाही उत्तर आलं. उजाडलं तेव्हा पलीकडच्या चिखलावर पिवळी फुलपाखरं दाटीने बसलेली दिसली. ती फुलांवर बसतात तशी मेलेल्यावरही बसतात, मिठासाठी. वाटलं, दादा सापडला. गुडघाभर पाण्यातून गेलो आणि हाताने ती उडवली.

खाली देवहंस होता. पांढऱ्या पंखांचा, मरून महिना झालेला, सुकलेला. पंधरा दिवस जगणारी ती फुलपाखरं हजार, आणि आमच्या डोहावर हा एकुलता एक. मग मघाशी मला उत्तर कोणी दिलं?

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? तिथेच चिखलात त्याला पुरलं. पक्षी मेलाय हे वहिनीला कळलं असतं, तर ती त्या आवाजामागे सरळ दलदलीत शिरली असती.

घरी आलो तेव्हा ती अंगणातल्या चुलीवर बिनदुधाचा लाल चहा उकळत होती.

"ऐकला मी आवाज. दिसला का रे?"

"दिसला. चांगला गुबगुबीत झालाय."

ती माझ्या हातांकडे बघत होती. बोटांवर तीन पिवळी फुलपाखरं बसली होती, ढिम्म.

"कशाला हात लावून आलास, लखिन?"

मी काहीतरी जुळवतोय, तोच डोहाकडून हाक आली. कोणी न बोलावता. फुलपाखरं उडाली. मी वहिनीचा हात धरायला धावलो, पण तिने ओंजळ तोंडाशी नेऊन उत्तर दिलंसुद्धा.

पुढची हाक आमच्या कुंपणापलीकडून आली. वहिनीने चहात आणखी एक कप पाणी वाढवलं.